बॅटरीतली गंगा

माझ्या हातून झालं ते एवढंच, की मी एक काटा उलटा वाचला. पुढचं सगळं त्या काट्यानं केलं असं म्हणायला मला फार आवडलं असतं, पण आमच्या घरात ते कोणी म्हणू देत नाही.

मी तेव्हा मेहकरच्या एका कापसाच्या जिनात हिशेब लिहीत असे. आमच्या कीर्दीत जमा डाव्या अंगाला आणि खर्च उजव्या अंगाला. वडिलांच्या कीर्दीतही तसंच होतं. जन्मभर असं वाचलं की डावीकडे काही झुकलेलं दिसताच माणसाला उगीच बरं वाटतं. तर माझ्या मोटारीत स्टिअरिंगच्या चाकामागच्या फळीवर एक काचेची चकती होती आणि तिच्यात एक काटा होता. भोवतीची इंग्रजी अक्षरं उन्हानं उडून गेली होती, मधलं शून्य तेवढं शाबूत. मिस्त्री म्हणाला होता, बॅटरीत वीज जमा होते की खर्च होते, ते हा काटा दाखवतो. जमा आणि खर्च! यातली कोणती बाजू कोणती, हे मी मिस्त्रीला विचारायचं? ते म्हणजे हलवायानं गिऱ्हाइकाला साखरेची चव विचारण्यासारखं झालं असतं. मी मान हलवली.

ही मोटार माझ्याकडे कशी आली तेही सांगायला हवं. लढाई संपल्यावर नागपूरला लष्करी सामानाचा लिलाव झाला. जिनाच्या मालकांनी सरकी वाहायला तिथून ट्रक आणले, त्यांच्यासोबत एक दवाखान्याची गाडी त्यांच्या गळ्यात पडली, आणि ती त्यांनी हसत हसत माझ्या गळ्यात घातली. दोन्ही अंगांना मोठमोठे लाल क्रॉस होते. मी त्यांवर हिरवा रंग दिला, पण ऊन तापलं की आतला लाल वर यायचा. आत जखमी सैनिकांसाठी टांगलेल्या दोन खाटा होत्या. त्या तशाच ठेवून मी स्टोव्हला पेटी केली, पाण्याला पिंप बसवलं, भांड्यांना फळी ठोकली. छताला एक दिवा होता. आमच्या घरी तेव्हा कंदील. बटण दाबलं की लागणारा, खानदानातला हा पहिलाच दिवा, त्यामुळे तो पाहायला शेजारच्या बाया पोरंबाळं घेऊन यायच्या. मी या मोटारीला बिऱ्हाडगाडी म्हणत असे. बायको काहीच म्हणत नसे. स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं आणि मी मोटारीत फळ्या ठोकत होतो, त्यामुळे तिचं न म्हणणं मला चांगलंच ऐकू येई.

त्या उन्हाळ्यात सोनाळ्याला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. मेहुण्यानं निरोप धाडला होता की भल्या माणसासारखे बसनं खामगावला या, तिथून मी कोणाची तरी गाडी लावून देतो, तुमच्या त्या दवाखान्याच्या भरवशावर राहू नका. झालं. यानंतर बिऱ्हाडगाडीनं जाणं मला भागच होतं. मुलं आधीच मामाकडे पोचली होती. मोटारीत आम्ही तिघं: मी, बायको आणि मावशी.

मावशी म्हणजे बायकोच्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेल्यावर बायकोला हिनंच वाढवलं. स्वतःला मूलबाळ नाही. म्हातारपणी आमच्याकडे राहायला आली ती एक वळकटी आणि एक तांब्याचा गडू घेऊन. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर काशीला गेली होती. तिथून दोघांनी गंगेचे दोन गडू आणले, तोंडाला डाग देऊन पक्के बंद केलेले. एक त्याचा, एक हिचा. शेवटच्या घटकेला तोंडात पाणी पडावं ते गंगेचं, एवढ्यासाठी. त्याचा गडू त्याच्या शेवटच्या वेळेला उघडला. हिचा राहिला होता. रोज देवांबरोबर त्याला हळदकुंकू लागायचं, आणि मावशी शेजारच्या आळीत जेवायला निघाली तरी तो फडक्यात बांधून सोबत न्यायची. घटका काही सांगून येत नाही, म्हणायची. आम्ही त्यावरून तिची थट्टा करत असू. मीच जास्त.

निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं इंजिनाच्या पंख्याचा पट्टा ताणून दिला. हाच पट्टा डायनामोही फिरवतो आणि डायनामो वीज तयार करतो. बॅटरीत टाकायला एक पाण्याची बाटली दिली. साधं पाणी चालत नाही, अगदी शुद्ध लागतं, असं बजावून सांगितलं. ती बाटली मी आठवणीनं पुसून कोनाड्यात ठेवली आणि तिथंच विसरलो.

पहाटे निघालो. गाव सुटल्यावर चकतीकडे पाहतो तर काटा उजवीकडे. म्हणजे भल्या सकाळी खर्च. मला काही गोड लागेना. पुढे एका चिंचेखाली थांबून बॉनेट उघडलं. मिस्त्रीनं काल कोणता बोल्ट फिरवला ते मी पाहिलं होतं. तो मी उलटा फिरवून पट्टा जरा सैल केला. काटा मध्यावर आला. आणखी सैल केला. तो अगदी किंचित डावीकडे झुकला, आणि मिस्त्रीची चूक हिशेबनिसानं सुधारली याचा मला असा आनंद झाला की मी बायकोला तो काटा मुद्दाम दाखवला.

त्याहून मोठा शोध पुढे लागला. आतला दिवा लावून पाहिला तर काटा आणखी डावीकडे गेला. पुढचे मोठे दिवे लावले, तर थेट टोकाला. दिवे लावावेत आणि जमा वाढावी! विलायती कारागिरीपुढे मी मनातल्या मनात हात जोडले आणि भर दिवसा सगळे दिवे लावून खामगावपर्यंत आलो. हिरव्यातून वर आलेले लाल क्रॉस आणि पेटलेले दिवे पाहून बैलगाडीवाले घाईघाईनं बाजू देत होते. एक जण तर पागोटं काढून उभा राहिला.

खामगावला जेवून निघताना मोटार सुरू करायचं बटण दाबलं, तर इंजिन दुखणं आल्यासारखं कण्हलं आणि मग कुठं लागलं. ऊन फार आहे, मी म्हणालो. पुढं पूर्णेच्या अलीकडे, नदीकडे उतार सुरू होतो त्याच्या माथ्यावर, इंजिनातलं पाणी उकळून वाफा निघू लागल्या. सैल पट्ट्यानं पंखाही आळसावला होता, पण हे आजचं शहाणपण. एका बाभळीखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, मावशीनं हातपाय धुतले. वाफ निवल्यावर पिंपातलं पाणी इंजिनात ओतून बटण दाबलं. टक, एवढाच आवाज. पुन्हा टक. हँडल मारून मारून माझे खांदे निखळायला आले, इंजिनानं कूस बदलली नाही.

तेवढ्यात कडब्याची गाडी घेऊन एक शेतकरी आला. त्यानं लाल क्रॉस पाहिला, आत खाटेवर बसलेली मावशी पाहिली, आणि बैल थांबवले.

"काऊन बाप्पा, म्हातारी लय बिमार हाये काय? टाका माह्या गाडीत. दवाखान्यापरेंत नेतो."

मावशीनं त्याला खाटेवरूनच ऐकवलं की बिमार असेल तुझा बाप, मी लग्नाला चालली. तो बिचारा ओशाळला आणि भरपाई म्हणून त्यानं बैल सोडून आमच्या मोटारीला जुंपले. सपाटीवर बैलांनी आम्हाला बरंच ओढलं. नुसतंच ओढलं. उतारावर लावून पाहू म्हणाला, तर ब्रेकवर माझा तेवढा विश्वास नव्हता.

मग मी बॅटरी उघडली. तिच्या सगळ्या घरांत पाणी आटून शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. आता कोनाड्यातली बाटली आठवली, आणि ती विसरल्याचं मला बायकोसमोर सांगावं लागलं. शेतकरी म्हणाला, एवढी पूर्णा वाहते ना खाली. मी त्याला ऐटीत समजावून सांगितलं की ही विजेची चीज आहे, हिला नदीचं, विहिरीचं चालत नाही, शुद्ध पाणी लागतं.

"शुद्ध म्हंजे कसं?" मावशीनं आतून विचारलं.

हा प्रश्न मी नीट घ्यायला हवा होता. मिस्त्रीचं शुद्ध म्हणजे वाफ करून गार केलेलं. पण मी म्हणालो, ज्यात काही म्हणजे काही नाही, किती दिवस ठेवलं तरी कीड पडत नाही, असं.

मग फडकं सोडल्याचा आवाज आला.

"मंग ते माह्यापाशी हाये, जवाईबापू."

गडू तिच्या दोन्ही हातांत होता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. इथं बोलायचं होतं ते मीच. हिच्या मावशीच्या शेवटच्या घोटाला हात लावणार नाही, असं जावयानं म्हणायला फार बुद्धी लागत नाही. आणि मला आतून ठाऊकही होतं की नुसत्या पाण्यानं बॅटरीत वीज येत नसते. चुलीत लाकूड नसताना भांड्यात आधण ओतलं तर काय होणार? पण संध्याकाळी हळद होती, सोनाळ्याच्या वेशीत मेहुणा उभा असणार होता, आणि कडब्याच्या गाडीत बसून मी त्याच्यासमोर उतरणार होतो. ते चित्र मला दिसलं. मी म्हणालो,

"सगळं नाही लागणार, मावशीबाई. थोडंसंच."

सगळं लागलं. पेचकसानं मी गडूच्या तोंडाचा डाग उचकटला. तोंड मोकळं झाल्यावर मी मावशीला म्हटलं की आधी तुम्ही थोडं घ्या. तिनं मान हलवली. "माही येळ कुठं आली अजून? तिले द्या," म्हणाली, आणि बॅटरीकडे हात केला. जशी काही खाटेवर बॅटरीच निजली होती. शेतकऱ्यानं जोडे काढले. मी एकेका घरात धार धरली. गडू लहानच असतो. शेवटच्या घरापर्यंत कसंबसं पुरलं.

गंगेचा गुण आला का पाहायला मी आतल्या दिव्याचं बटण दाबलं. तेवढ्या विसाव्यानं बॅटरीत धुगधुगी आली असावी. दिव्याची तार विडीच्या टोकासारखी लाल झाली आणि चकतीतला काटा जरासा डावीकडे हलला.

"जमा!" मी ओरडलो. बटण बंद केलं, काटा मध्यावर आला. पुन्हा लावलं, पुन्हा डावीकडे.

बायको माझ्या खांद्यावरून पाहत होती. ती म्हणाली, "दिवा लावल्यावर जमा कशी होते हो? आपल्या घरी तं दिवा लावला का तेल जाते."

मी बटणावर बोट ठेवून तसाच बसलो. लावलं की डावीकडे. विझवलं की मध्यावर. डावीकडे खर्च होता. पहाटेपासून मी खर्च वाढवत वाढवत, आनंदानं, लोकांना बाजूला सारत इथवर आलो होतो. आणि पहाटे उजवीकडे होती ती जमा. ती मीच पट्टा सैल करून बंद पाडली होती. मागं वळून मावशीकडे पाहायचं मला धाडस होईना. रिकामा गडू पालथा करून ती पदरानं पुसत होती.

बाकीचं काम सोपं होतं, हेच वाईट. बोल्ट फिरवून पट्टा पुन्हा ताणला. आता ब्रेकची भीती वाटली नाही. ती सांगायला तोंडच राहिलं नव्हतं. बैलांनी मोटार उताराच्या तोंडाशी आणून सोडली, शेतकऱ्यानं आणि बायकोनं मागून रेटा दिला, वेग आल्यावर मी गिअर टाकला. धुगधुगीवर एक ठिणगी पडली, डायनामो फिरलाच होता, आणि इंजिन खोकत खोकत लागलं. नदीच्या वाळूच्या अलीकडे मी गाडी थांबवली. शेतकरी धावत आला तो थेट मावशीच्या पाया पडला.

"गंगामाई पावली," मावशी म्हणाली.

सोनाळ्यापर्यंत काटा उजवीकडे ठाम झुकलेला होता आणि मला तो पाहवत नव्हता.

लग्नघरी मोटार थांबते न थांबते तोच तिची कथा आत पोचली, म्हणजे मावशीनंच ती पोचवली. गेली कित्येक वर्षं ही बाई कुठल्याही लग्नात मागच्या पडवीत बसून डाळ निवडत आली होती. विधवेला पुढे कोण बोलावतं? या लग्नात तिच्याभोवती बायांचा घेर पडला. गडूतलं पाणी पडताच मोटार कशी हुंकारली, हे ती दर वेळी थोडं वाढवून सांगे. बायांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मेहुणा, जो माझी फिरकी घ्यायला टपला होता, तोही मावशीपुढे वाकला. नवरीला पाठवणीआधी तिच्या पाया पडायला नेलं, आणि विहिणीनंही मावशीला जवळ बसवून घेतलं. मी हे सगळं लांबून बघत होतो. माझ्या पानात बुंदी तशीच पडली होती, तरी लोक वाढतच होते, कारण मी गंगेच्या मोटारीचा मालक.

एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, मावशीबाई, मंग आता तुमच्यासाठी? मावशी म्हणाली, देईल कोणी तरी. इतक्या सहज म्हणाली की मी तिथून उठून मोटारीकडे गेलो आणि उगीच चाकाला लाथ मारली.

लग्न आटोपल्यावर मी तो रिकामा गडू धोतराच्या सोग्यात लपवून बाजारातल्या तांबटाकडे गेलो. जवळच वाण नदी होती. गडू भरायचा, डाग द्यायचा, आणि शेगावच्या कोणा यात्रेकरूकडून गंगा मिळाली म्हणून मावशीच्या हातात ठेवायचा, असा बेत होता. पाप झाकायला त्याच मापाचं दुसरं पाप. तांबटानं गडू उलटसुलट पाहिला आणि सरळ विचारलं, "गंगा भराची हाये ना?" मी त्याच्या हातून गडू काढून घेतला आणि परत आलो.

मावशी मोटारीतल्या खाटेवर पडली होती. घरातल्या गर्दीपेक्षा तिला ती खाट मानवली होती. मी पायाशी बसलो आणि सांगून टाकलं. काटा, पट्टा, दिवे, सगळं. पाण्याची गरज त्या वेळी नव्हती, पाण्यानं मोटार चालली नाही, हेही.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून बसली.

"म्हंजे माह्या गंगेनं काहीच नाई केलं?"

"नाही, मावशीबाई."

"ते पानी आता काहाडता येते?"

"त्यात जाळणारं तेजाब असतं. मिसळून गेलं."

तिनं छताच्या दिव्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पुढच्या हिवाळ्यात मी तुम्हाला काशीला नेतो. मी मनापासून म्हणालो होतो. तिनं लुगडं सारखं केलं, भिंतीकडे तोंड करून निजली, आणि जेवायला बोलावणं आलं तेव्हा भूक नाही म्हणाली.

ती बॅटरी पुढं पावसाळ्याआधीच गेली. इतकी वर्षं तांब्याच्या गडूत राहिलेलं पाणी तिला बाधलं, असं मिस्त्रीचं म्हणणं. मला एवढंच कळलं, की मावशीच्या वाटचं गंगाजळ तोंडात घेऊन ती सद्गतीला गेली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी मोटारीतून खाली उतरलो तेव्हा बायको ताट घेऊन दाराशीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, निदान खरं बोललो एवढं तरी ही म्हणेल. माझी छाती दगड उतरल्यासारखी हलकी झाली होती, आणि ते बहुधा माझ्या तोंडावर दिसत असावं.

"तुमचं मन मोकळं झालं ना?" ती म्हणाली. "आता सांजच्याले साऱ्या बाया येतीन मावशीजवळ बसाले, गंगेची गोष्ट आयकाले. तिनं काय सांगाचं त्याहिले, ते बी तुम्हीच तिले सांगून या."